बातमीदाराने रहस्यकथा लिहायची तर: ‘कशावरून’चा रकाना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक बातमीदार सात वर्षं जिल्हा दैनिकात गुन्हेवार्ता करतो आहे. कॉलेजच्या पत्रकारिता विभागाने त्याला आठवड्याला चार तास शिकवायला विचारलं आहे. त्याने दिवाळी अंकांकडे दोन रहस्यकथा पाठवल्या होत्या, दोन्ही ‘बातमीसारखी वाटते’ असा शेरा घेऊन परत आल्या. तिन्ही कामं एकत्र जमतील का, त्यासाठी नोकरी सोडावी का, आणि स्वतः बातमी दिलेली खरी प्रकरणं कथेत वापरावीत का, असं त्याने विचारलं आहे.

नोकरी सोडू नका; निदान पहिली कादंबरी हातावेगळी होईपर्यंत तरी नको. पगाराचं कारण आहेच, पण त्याहून मोठं कारण असं की ठाण्याची रोजची फेरी बंद झाली की वर्षभरात कान बोथट होतो. कायदा बदलतो, ठाण्यातली बोली बदलते, खबर पोचण्याची वाट बदलते. तिन्ही कामं एकत्र जमतात. मात्र तिन्हींसाठी वेगवेगळी तयारी करायला गेलात तर दमछाक होईल. एकच तयारी तिन्हीकडे लावायची, आणि ती तयारी म्हणजे तुमची वही.

वहीचं पान उभं तीन रकान्यांत पाडा: काय, कधी, कशावरून. पहिले दोन रकाने प्रत्येक बातमीदार भरतो. तिसरा डोक्यात ठेवतो आणि आठवड्याभरात विसरतो. तिसऱ्यात चार खुणा पुरतात. ‘पा’ म्हणजे स्वतः पाहिलं. ‘का’ म्हणजे कागदावर वाचलं. कागद कोणता आणि त्यावरची तारीख-वेळ काय, हे सोबत. ‘ऐ’ म्हणजे ज्याने पाहिलं त्याच्या तोंडून ऐकलं. ‘ऐऐ’ म्हणजे ऐकलेल्याकडून ऐकलं. ठाण्यात मिळणारी निम्म्याहून जास्त माहिती ‘ऐऐ’ असते, हे पंधरा दिवस खुणा केल्यावर तुमच्याच लक्षात येईल. ठाणे अंमलदार सांगतो ते बहुधा त्याला फोनवर कळलेलं असतं, आणि फोन करणाऱ्या शिपायालाही ते गावातल्या कोणीतरी सांगितलेलं असतं.

हा रकाना बातमीत चूक वाचवतो, वर्गात धडा होतो आणि कथेत तोच रहस्याचा कणा असतो. रहस्यकथा म्हणजे शेवटी काय? एका माणसाला एक गोष्ट माहीत आहे, आणि ती त्याला कशावरून कळली हे तो सांगू शकत नाही.

एक रचलेलं उदाहरण घेऊन हे नीट पाहू. उसाच्या पट्ट्यातलं गाव. शुक्रवारी सकाळी ७ वाजता शेतातल्या विहिरीत एका ४२ वर्षांच्या शेतकऱ्याचा मृतदेह तरंगताना दिसतो. पोलीस पाटील ठाण्याला खबर देतो. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४. गावातले पोहणारे दोर लावून मृतदेह वर काढतात, इन्क्वेस्ट म्हणजे मृतदेहाचा पंचनामा होतो, शवविच्छेदनासाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवणी होते. थोरला भाऊ सांगतो, ‘रात्री मोटार चालू करायला गेला होता, पाय घसरला असंल.’

तुमची पहिल्या दिवसाची बातमी किती असावी? ‘मृतदेह आढळला, अकस्मात मृत्यूची नोंद झाली, शवविच्छेदन अहवालाची प्रतीक्षा आहे.’ बस. ‘पाय घसरून मृत्यू’ हा मथळा घातक, कारण ते भावाचं ‘ऐ’सुद्धा नाही, तो तिथे नव्हता, हा त्याचा अंदाज आहे. ‘आत्महत्या’ तर त्याहून घातक. उद्या कुटुंबातलाच दुसरा कोणी संशय घेतो, आठवड्याने भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(१) खाली खुनाचा गुन्हा दाखल होतो, आणि बचावपक्षाच्या वकिलाच्या हातात तुमचंच कात्रण असतं. आत्महत्येची शंका असेल तर पद्धत मथळ्यात येऊ देऊ नका आणि चिठ्ठीचा मजकूर छापू नका. प्रेस कौन्सिलची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात.

आता भावाचं वाक्य वहीत लिहा आणि तिसऱ्या रकान्यात प्रश्नचिन्ह टाका. महावितरण शेतीपंपांना थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने देतं. काही दिवस दिवसपाळी, साधारण ८ तास. काही दिवस रात्रपाळी, ८ ते १० तास. कोणत्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीला, कोणत्या आठवड्यात कोणती पाळी, हे शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. गावठाणाचा फीडर वेगळा असतो, त्यामुळे घरातले दिवे चालू असले तरी शेतातली मोटार बंद असू शकते. त्या आठवड्यात त्या फीडरला दिवसपाळी असेल, तर रात्री मोटार चालू करायला जाण्याला काही अर्थ राहत नाही.

लगेच उडी मारू नका. चांगला उपसंपादक इथे तीन शंका काढेल आणि तुम्हीही काढा. वेळापत्रक ऐन वेळी बदललं होतं का? दिवसा फीडरवर बिघाड झाला म्हणून रात्री भरपाईची वीज दिली होती का? मोटारीला ऑटो स्विच होता का? ऑटो असेल तर वीज आली की मोटार आपोआप सुरू होते, कोणाला जावंच लागत नाही. पहिल्या दोन शंकांचं उत्तर उपकेंद्रातल्या लॉगबुकात मिळतं. फीडर किती वाजता चालू झाला, किती वाजता बंद पडला याची नोंद तिथला यंत्रचालक करतो. तिसऱ्याचं उत्तर विहिरीवरच्या पेटीत. फीडर सौर कृषी वाहिनीवरचा असेल तर प्रश्नच मिटतो, तिथे वीज दिवसाच मिळते.

बातमीदार म्हणून तुम्ही हे तपासाल आणि तपासी अधिकाऱ्याला विचाराल. ‘भाऊ खोटं बोलतो’ असं छापणार नाही. कथाकार म्हणून मात्र हाच धागा तुमच्या हाताला लागलेला आहे, आणि तो शहरातल्या कोणत्याही लेखकाला सुचणार नाही. जिल्ह्यात काम करणाऱ्या बातमीदाराचं खरं भांडवल हे असं असतं. बंदुकी, टोळ्या आणि बंगले वाचकाने पडद्यावर खूप पाहिले आहेत. डीपी, फीडर, सोसायटीचं कर्ज, बांधावरचा वाद, सातबाऱ्यावर बहिणींची नावं लागण्याआधी घाईने करून घेतलेलं हक्कसोडपत्र, यांतून घडणारा गुन्हा त्याने कथेत क्वचितच वाचलेला असतो.

हा धागा कथेत पेरायचा कसा? सहा हजार शब्दांची कथा धरा. पहिल्या हजार शब्दांत चहाच्या टपरीवर एक गावकरी दुसऱ्याला म्हणतो: ‘या आठवड्यात दिवसाची लाइट हाय, तवा कुठं रातच्याला पाठ टेकाय मिळतीय.’ वाक्याचा वरवरचा हेतू झोपेची तक्रार हा आहे. वाचक ते गावचं वातावरण म्हणून वाचून पुढे जाईल. लगेच पाठोपाठ काहीतरी मोठ्या आवाजाचं येऊ द्या: मृताच्या बायकोचा भाऊ टपरीसमोर गाडी थांबवतो आणि शिव्या देत ठाण्याकडे जातो. लक्ष तिकडे जातं. भावाचं मोटारीचं वाक्य अडीच हजार शब्दांच्या आसपास. उकल पाच हजारांच्या पुढे. पेरणी आणि उकल यांत निदान तिसरा हिस्सा कथा जायला हवी. धागा उकलीच्या जवळ ठेवलात तर वाचक चटकन पकडतो. तो ठेवलाच नाही आणि शेवटी पोलीस अधिकाऱ्याच्या तोंडून ‘आम्ही उपकेंद्रातून माहिती घेतली’ असं आलं, तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याचं बरोबर असतं.

‘बातमीसारखी वाटते’ हा शेरा नेमका इथून येतो. बातमी उलट्या मनोऱ्यासारखी असते: सगळ्यात महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली, जागा कमी पडली तर डेस्क खालून कापतं. सात वर्षं असं लिहिल्यावर हात आपोआप महत्त्वाचं वर आणतो. कथेच्या पहिल्याच परिच्छेदात मृताचं वय, गाव, वेळ, ठाणं सगळं आलं की संपादकाला पुढे वाचण्याचं कारण उरत नाही. यावर एक हमखास उपाय आहे. कथेचा पहिला खर्डा झाला की प्रत्येक माहितीपुढे समासात लिहा: ही वाचकाला आत्ता का हवी? उत्तर ‘कळावी म्हणून’ एवढंच असेल तर ती खाली ढकला किंवा काढून टाका.

दुसरं कारण भाषेचं. ठाण्याच्या प्रेसनोटची मराठी आपल्या अंगात मुरते. ‘सदर इसमाने किरकोळ कारणावरून शिवीगाळ करून जिवे मारण्याची धमकी दिली’ हे वाक्य लिहिताना तुम्हाला काहीच खटकत नाही. कथेत याची दोन वाक्यं करावी लागतात, आणि त्यांत शिवी किंवा धमकीचा उल्लेख असण्याची गरज नसते: ‘बांध कोरू नको म्हणलं तर म्हणला, आण तुझा मोजणीवाला. आन् विळा तसाच हातात धरून उभा ऱ्हायला.’ माणूस, जागा, नातं, धोका सगळं आलं. सराव म्हणून तुमच्याच जुन्या दहा बातम्या काढा आणि प्रत्येकीतलं एक ‘सांगितले’ वाक्य ज्याने सांगितलं त्याच्या बोलीत परत लिहा. घडलेले शब्द आठवायचे नाहीत, नवे रचायचे. नाहीतर ते कथेत नेता येणार नाहीत.

तिसरं कारण तपास फार सरळ जाणं. बातमीत चुकलेला तपास छापला जात नाही, ‘पोलिसांनी शिताफीने अटक केली’ एवढंच येतं. प्रत्यक्षात ठाण्याच्या डीबी (गुन्हे शोध) पथकाने चार दिवस भलत्याच माणसाच्या मागे घालवलेले असतात. कथा त्या चार दिवसांत आहे.

तपासाच्या तपशिलात नेहमी होणाऱ्या चुका सांगतो, कारण रहस्यकथेचे वाचक चिकित्सक असतात आणि त्यांत पोलीस, वकील, डॉक्टर बरेच असतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू आहेत. त्यानंतर घडलेल्या खुनाला १०३(१), आधी घडलेल्याला जुन्या दंड संहितेचं ३०२च. कथा २०१९ मध्ये घडत असेल तर जुनी कलमं ठेवा. हवालदार बोलताना आजही ‘तीनशे दोन’ म्हणतो, ते संवादात चालेल, कागदात चालणार नाही. साक्षीदाराचा पोलिसांपुढचा जबाब लिहून घेतात, त्यावर त्याची सही घेत नाहीत. कथांमध्ये मात्र सर्रास सह्या होतात. सही फिर्यादीची फिर्यादीवर आणि पंचांची पंचनाम्यावर. अटकेपासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, आरोपी दंडाधिकाऱ्यापुढे न्यावा लागतो. पोलीस कोठडी एकूण १५ दिवस. नव्या कायद्यात ती पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. दोषारोपपत्र ६० किंवा ९० दिवसांत गेलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. ही मुदत कथेला उत्तम घड्याळ म्हणून वापरता येते. झडती-जप्तीचं दृकश्राव्य चित्रण आता बंधनकारक आहे, तेव्हा ‘पुरावा गुपचूप पेरला’ असं दाखवायचं असेल तर चित्रणाचं काय झालं, याचं उत्तर तयार ठेवा. पोलीस नाईक हे पद महाराष्ट्रात आता रद्द झालं आहे, आजच्या कथेत ते पात्र नको.

सगळ्यात मोठी चूक शेवटाची. ठाण्यात आरोपी कोसळतो, सगळं कबूल करतो, कथा संपते. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या माहितीतला तेवढाच भाग ग्राह्य; साक्ष्य अधिनियमाचं कलम २३, पूर्वीचं २७. म्हणून ठाण्यात ‘निवेदन पंचनामा’ करतात: दोन पंचांसमोर आरोपी म्हणतो की वस्तू दाखवतो, आणि सगळी वरात तिकडे निघते. शेवट या प्रवासात ठेवा. गाडीतली शांतता, पंच म्हणून बोलावलेला पंचायतीचा शिपाई, उसाच्या सरीतून पुढे चालणारा आरोपी, आणि तो नेमका कुठे थांबतो. कबुलीपेक्षा हे कितीतरी जोरकस आहे, आणि खरं आहे.

वैद्यकीय बाजू. मृत्यूची वेळ कोणताही डॉक्टर ‘रात्री ११.२०’ अशी सांगत नाही, तो टप्पा सांगतो. मरणोत्तर ताठरपणा काही तासांत जबडा-मानेपासून सुरू होतो, साधारण १२ तासांत सर्वांगी भरतो आणि पुढे उतरतो. आपल्या उन्हाळ्यात हे सगळं लवकर उरकतं. पोटाच्या उजव्या खालच्या बाजूची हिरवट छटा उन्हाळ्यात १२ ते १८ तासांत दिसू लागते, थंडीत एक-दोन दिवस लागतात. पाण्यात बुडालेलं प्रेत उन्हाळ्यात साधारण दिवसभरात वर येतं, थंडीत दोन-तीन दिवसांनी. आपल्या उदाहरणात रात्री गेलेला माणूस जानेवारीच्या सकाळी ७ला तरंगत असेल, तर वेळेचं गणित तिथेच बिघडतं. हा दुसरा धागा झाला. पाण्यात पडताना माणूस जिवंत होता का, हे तोंडा-नाकाशी बारीक फेस आणि श्वासनलिकेतला गाळ यांवरून तपासतात. डायटम चाचणी, म्हणजे पाण्यातली सूक्ष्म शेवाळं शरीरात पोचली का याची तपासणी, करायची तर विहिरीचं पाणीही नमुना म्हणून घ्यावं लागतं, आणि ते घ्यायचं राहून जाणं ही अगदी पटण्यासारखी तपासातली चूक आहे. ‘मृत्यूचं कारण राखीव, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) राखून ठेवला’ या शेऱ्यानंतर प्रयोगशाळेचा अहवाल यायला अनेकदा महिने जातात. दुसऱ्या दिवशी अहवाल आला असं लिहू नका.

मोबाइलच्या सीडीआरमधून, म्हणजे कंपनीकडच्या कॉलच्या नोंदींमधून, कोणाला, कधी, किती सेकंद आणि कोणत्या टॉवरखालून हे कळतं. बोलणं कळत नाही, आणि टॉवरखालून म्हणजे घरातून असं होत नाही. खेड्यात एका टॉवरची हद्द अनेक किलोमीटर पसरते. व्हॉट्सअ‍ॅप कॉल सीडीआरमध्ये दिसत नाही. सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरचं घड्याळ बहुतेक दुकानांत पुढे-मागे असतं, आणि जुनं चित्रण काही आठवड्यांत पुसून त्यावर नवं येतं. घड्याळ किती मिनिटं चुकलेलं आहे, याची नोंद पंचनाम्यात राहिली नाही तर सगळा अ‍ॅलिबी, म्हणजे ‘त्या वेळी मी दुसरीकडे होतो’ हा दावा, तेवढ्या मिनिटांनी सरकतो. हा धागा बिनधास्त वापरा.

आता खऱ्या प्रकरणांचं. माझं मत स्पष्ट आहे: प्रकरण घ्यायचं नाही, यंत्रणा घ्यायची. फीडरची पाळी, डीव्हीआरचं घड्याळ, निवेदन पंचनाम्याची पद्धत या सगळ्यांच्या गोष्टी आहेत. एखाद्या घरातला खून त्या घराचा आहे. नाव बदललं की काम झालं असं समजू नका. जिल्ह्यातल्या वाचकाला ‘साखर कारखान्याच्या संचालकाचा मेहुणा’ एवढं पुरतं. निदान चार गोष्टी एकदम बदला: नातं, पेशा, गुन्ह्याची रीत आणि हेतू. हे चारही बदलल्यावर तुमच्या हातात जे उरतं, तेच तुमचं होतं. खटला चालू असलेल्या प्रकरणाला हात लावू नका. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि बालकांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचं कलम २३ आहे. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे, शाळा, गल्ली, नातेवाइकाचं नाव हेही त्यात आलं. आणि सूत्राने ‘छापू नका’ म्हणून सांगितलेलं कथेतही वापरू नका. त्याने ते तुमच्यावरच्या विश्वासाने सांगितलं, आणि छापलेली कथा तोही वाचणार आहे. एकदा तो दुखावला की ठाण्यातली दहा दारं बंद होतात.

शिकवण्याकडे वळतो. आठवड्याला चार तास हे कागदावर. तीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी ३०० शब्दांची बातमी दिली तर ९,००० शब्द. एकेक तपासायला १० मिनिटं धरली तरी पाच तास. तयारीचे तीन. म्हणजे आठवड्याचे बारा तास जातात. कॉलेजला होकार देण्याआधी हे गणित घरी आणि कार्यालयात दोन्हीकडे मांडा, आणि दैनिकाची लेखी परवानगी घ्या. तपासणी हलकी करायची तर वहीतल्याच चार खुणा वापरा: विद्यार्थ्याने प्रत्येक विधानापुढे समासात पा, का, ऐ, ऐऐ लिहून आणायचं. तुम्ही फक्त खुणा तपासायच्या. भाषा आपोआप सुधारू लागते, कारण ज्याला कशावरून हे माहीत आहे, तो ‘असे समजते’ असं मोघम लिहीत नाही.

वर्गात विहिरीचं उदाहरण तीन आठवडे चालवा. पहिल्या आठवड्यात फक्त पोलीस पाटलाची खबर द्या आणि १२० शब्दांची बातमी मागा. निम्मे विद्यार्थी ‘बुडून मृत्यू’ लिहितील. दुसऱ्या आठवड्यात भावाचं वाक्य आणि पंचनामा द्या. पंचनाम्यात कठड्याशी नीट जोडीने ठेवलेल्या चपला असू द्या आणि ‘पाय घसरला’ याच्याशी त्या जुळतात का, हे विचारा. तिसऱ्या आठवड्यात उपकेंद्राचं लॉगबुक हवं असेल तर काय कराल, हे विचारा. इथे माहितीचा अधिकार शिकवता येतो: १० रुपये शुल्क, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, उत्तराला ३० दिवस. ‘अमुक फीडरची अमुक दोन तारखांची चालू-बंद नोंद’ हे चाळीस शब्दांत बसतं. विद्यार्थी बहुतेक वेळा ‘विजेच्या गैरकारभाराची संपूर्ण माहिती’ मागतात आणि अर्ज फेटाळला जातो. जिल्हा न्यायालयाची एक भेट ठेवा. न्यायालय खुलं असतं, मागच्या बाकावर बसायचं, फोन बंद, अत्याचाराच्या खटल्यात इन कॅमेरा सुनावणी असते तिथे जायचं नाही. उलटतपासणी ऐकणं हे ‘कशावरून’चं सर्वोत्तम शिक्षण आहे. ओळखपरेड व्हायची असेल तर आरोपीचा फोटो का छापायचा नाही, हेही तिथेच समजावून सांगता येतं: साक्षीदाराने फोटो आधी पाहिला असेल तर त्याची ओळख कवडीमोल होते.

विद्यार्थ्यांना तुमच्या बातमीसाठी फुकट पळवू नका, आणि त्यांच्या वर्गातल्या कल्पना तुमच्या कथेत आणू नका. दोन्ही मोह येतात.

पुढे पूर्णवेळ शिकवायचं मनात असेल तर सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तरला ५५ टक्के आणि नेट, सेट किंवा पीएचडी लागते. महाराष्ट्र-गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट उघडली, त्याला औपचारिक पदवीची अट नाही, पण क्षेत्रातला १५ वर्षांचा अनुभव हवा आणि नेमणूक जास्तीत जास्त चार वर्षांची. तुमच्या सात वर्षांना तासिका तत्त्वच ठीक.

लेखनाची वेळ सकाळी. गुन्हे बातमीदाराची रात्र त्याच्या मालकीची नसते, रात्री लिहायचा बेत पहिल्याच अपघाताला मोडतो. सकाळी ४५ मिनिटं, ३५० शब्द, आठवड्यात पाच दिवस. सहा हजारांची कथा साडेतीन आठवड्यांत होते, साठ हजारांची कादंबरी पस्तीस आठवड्यांत. आधी कथाच करा. दिवाळी अंकांची आखणी मे-जूनमध्ये सुरू होते. रहस्य, गूढ आणि विज्ञानकथांना जागा देणाऱ्या ‘धनंजय’सारख्या अंकासाठी जुलैच्या आत पाठवलेली कथा शांतपणे वाचली जाते, सप्टेंबरमध्ये पाठवलेली बहुधा नाही. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना देऊ नका.

हक्कांबद्दल दोन गोष्टी. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा आणि बाकीचा तुमचा. पण बऱ्याच नेमणूकपत्रांत वेगळं लिहिलेलं असतं, ते काढून वाचा. पुस्तकाच्या करारात हक्क कोणते, किती वर्षं आणि कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिलेलं हवं. मुदत लिहिलेली नसेल तर कलम १९ नुसार ती पाच वर्षं आणि प्रदेश भारत धरला जातो. ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ या एका ओळीवर सही करू नका. छापील पुस्तक, ऑडिओ, अनुवाद आणि मालिका-चित्रपट ही चार वेगळी कलमं करून घ्या. रहस्यकथेला आज ऑडिओची मागणी चांगली आहे आणि नेमका तोच हक्क नवे लेखक नकळत देऊन टाकतात.

परत आलेल्या दोन कथांपैकी ज्यात तुमच्या भागातली एखादी यंत्रणा आहे, ती निवडा. पहिले ५०० शब्द पूर्ण काढून टाका आणि उरलेली कथा तशीच समजते का ते पाहा. बहुतेक वेळा समजते. मग ती दोघांना वाचायला द्या. एक, ठाण्यात वर्षं काढलेला निवृत्त हवालदार: तो तपशील कुठे खोटा वाटला ते सांगेल. दुसरा, ठाण्याची पायरी कधी न चढलेला वाचक. त्याला मत विचारू नका. वाचताना ज्या क्षणी ‘यानेच केलं’ असं वाटलं तिथे पेन्सिलने खूण करायला सांगा, आणि खुणेशेजारी एकच शब्द लिहायला सांगा: कशावरून.